खड्ड्यातली जांबोटी गाडी

घरात खड्डा आम्ही खणला नाही, हे आधीच सांगून ठेवते. वडगावात अजून काही लोक मला बघितलं की "सोनं सापडलं काय" असं डोळ्यांनी विचारतात, त्यांच्यासाठी हा खुलासा. खड्डा होताच. आमच्या मामंजींचा हातमाग त्यावर होता. त्या मागावर बसणारा माणूस जमिनीलगत काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून खालच्या पट्ट्या दाबतो. मामंजी गेले, माग गेला, खड्ड्यावर शहाबादी फरशी बसली, फरशीवर सोफा आला आणि सोफ्यावर पाहुणे आले. आपण खड्ड्यावर बसून चहा पितोय हे पाहुण्यांना माहीत नसायचं. आम्हीही विसरलो होतो.

आमच्या यजमानांनी, म्हणजे सुबरावांनी, माग कधी चालवला नाही. ते बस चालवायचे, बेळगाव-जांबोटी. "चालवायचे" असं मी इथं लिहिलं खरं, पण घरात त्या वर्षी भूतकाळाला बंदी होती. उन्हाळ्यात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यातून परत आले ते बोलणं शाबूत, अक्कल शाबूत आणि राग पहिल्यापेक्षा ठणठणीत घेऊन. डावा पाय तेवढा ओढायचा. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. दिवाळीनंतर मेडिकल बोर्डापुढं उभं राहायचं होतं. बोर्ड पास म्हणालं तर पुन्हा जांबोटीची गाडी. नापास म्हणालं तर डेपोच्या गेटवर खुर्ची टाकून आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघत बसायचं. लोक म्हणायचे, पगार चालू राहतोय, बसा की निवांत. हे म्हणायचे, "गेटवर बसायचं म्हंजे आपल्याच तेराव्याला वाढपी म्हणून उभं ऱ्हायचं."

पाय सुधारायला व्यायाम सांगितला होता. जमिनीवर टॉवेल पसरायचा आणि पायाच्या बोटांनी गोळा करायचा. त्यांनी एकदा गोळा केला, मला दिला आणि म्हणाले, धुवायला टाक. पुन्हा टॉवेलकडं बघितलं नाही. त्यांचा पुतण्या सौरव पुण्याला असतो. त्याला हे कळल्यावर त्यानं आपलं जुनं खेळायचं स्टीअरिंग आणि क्लच-ब्रेक-अॅक्सिलरेटरच्या पेडलांचा संच पाठवून दिला. टीव्हीला जोडायचं आणि बस चालवायचा गेम लावायचा. त्यातल्या घाटाच्या रस्त्याला आम्ही जांबोटीच म्हणायचो. क्लच शंभर वेळा दाबला जाईल, काकांना कळणारही नाही की व्यायाम होतोय, असं तो म्हणाला. मला ते पटलं. या घरात जे काही चांगलं झालं ते यांना न कळवताच झालेलं आहे.

पहिल्या दिवशी स्टीअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळलं, पेडल खाली ठेवले आणि सौरवच्या सांगण्यावरून मुलीच्या अभ्यासाची चाकांची खुर्ची आणली. यांनी क्लच दाबला. पेडल टेबलाखालून सरकत कपाटापर्यंत गेले आणि हे खुर्चीसकट मागं स्वयंपाकघरात आले. मी कणीक मळत होते. म्हणाले, "ब्रेक लागंना." मी त्यांना परत ढकलत नेलं. असं बऱ्याचदा झालं. पीठ लागलेल्या हातांचे ठसे अजून त्या खुर्चीच्या पाठीवर आहेत.

सौरव व्हिडिओवर हसला आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "काकू, कॉकपिट करावं लागेल." कॉकपिट म्हणजे सीट, स्टीअरिंग आणि पेडल एकाच सांगाड्यावर घट्ट बसवायचे. त्यानं मला विचारलं, पक्कं पाहिजे की घडीचं? पक्कं केलं तर हलत नाही पण खोली खातं. घडीचं केलं तर भिंतीला उभं करता येतं पण ब्रेक दाबला की डुलतं. सीट खाली घेतली तर रेसच्या गाडीसारखं वाटतं पण उठता येत नाही. वर घेतली तर उठता येतं पण ब्रेकला जोर लागत नाही. टीव्ही जवळ घेतला तर रस्ता मोठा दिसतो, डोळे दुखतात. लांब ठेवला तर डोळे बरे, पण जांबोटीचा घाट गुळाच्या ढेपेएवढा. एक धरावं तर दुसरं सुटतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच करते आहे, फक्त त्याला कॉकपिट म्हणतात हे ठाऊक नव्हतं.

सांगाड्याचं काम मष्णू सुताराला दिलं. मष्णू गल्लीतला, देव्हारे आणि दारं उत्तम करतो. सौरवनं रेसच्या कॉकपिटचा फोटो पाठवला होता. मष्णूनं तो बघून मान हलवली आणि म्हणाला, वहिनी, हे तर सोपं हाय. रेसच्या गाडीत माणूस जवळजवळ आडवा असतो, पाय पुढं लांब पसरलेले. मष्णूनं तसंच केलं. लांबट, बुटकं, दोन बाजूंना दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. उचलायला सोयीचं व्हावं म्हणून दांडे पुढं-मागं हातभर सोडले. यांना त्यात झोपवलं, डोक्याखाली उशी दिली आणि खिडकीतून ऊन लागतं म्हणून मी अंगावर पांढरी चादर टाकली.

तेवढ्यात समोरची यल्लव्वा आली. तिनं उंबऱ्यातूनच एकदा बघितलं, पदर तोंडाला लावला आणि गळा काढला. तिच्या आवाजावर गल्ली गोळा झाली. शेजारचा ज्योतिबा पॉवरलूम बंद करून आला. माग बंद झाल्यावर जी शांतता होते ती आमच्या गल्लीत कुणी गेल्याशिवाय होत नाही, त्यामुळं उरलेलेही आले. हे चादरीतून उठून बसले आणि म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?" यल्लव्वाला राग आला. जिवंत माणसानं असं झोपू नये, असं तिनं मला बजावलं, आणि रडणं फुकट गेल्यासारखी तरातरा निघून गेली.

रेसची बैठक रद्द झाली. बस चालवणारा माणूस ताठ बसतो, त्याला बसचीच सीट पाहिजे, असं हे म्हणाले. अशी सीट निपाणीला हायवेलगतच्या भंगारवाल्याकडं मिळते असं कळलं. मी गेले. भंगारात ड्रायव्हरच्या सीटा रांगेनं ठेवल्या होत्या, प्रत्येकीला कुणाच्या तरी पाठीचा आकार आलेला. त्यातली यांच्या पाठीसारखी एक निवडली. भंगारवाला म्हणाला, ताई, दुसरी घ्या, हिचा स्पंज बसलाय. मी म्हटलं, बसू दे, आमच्याकडं पण सगळं बसलेलंच आहे.

परतीच्या बसमध्ये मी एका बाकावर आणि ती माझ्या शेजारी. कंडक्टर म्हणाला, सीटचं तिकीट काढा. मी म्हटलं, काढलंय. तो म्हणाला, तुमच्या सीटचं न्हवं, सीटच्या सीटचं. मागून कुणीतरी विचारलं की सीट अर्धी की पुरी. शेवटी कळलं की हा कंडक्टर पूर्वी यांच्या गाडीवर होता. सुबरावअण्णांसाठी आहे म्हटल्यावर त्यानं तिकिटाचं मशीन काखेला मारलं. त्यानं ती सीट उचलून पुढं नेली, इंजिनाच्या बाजूला ठेवली, दोरीनं बांधली आणि हुक्केरीचे प्रवासी चढले तेव्हा कुणाला तिच्यावर बसू दिलं नाही. मला तिकिटावरनं भांडायचं होतं. ते राहिलंच.

सीट मिळाली, पण त्यामुळं सांगाडा हरला. हे तिच्यात ताठ बसले आणि त्यांनी सवयीनं ब्रेक मारला. भरलेली बस घाटात थांबवणारा पाय तो. त्या पायाखाली मष्णूच्या देव्हाऱ्याचं लाकूड काय टिकणार. पट्ट्या करकरल्या, पेडल वाकडे झाले. लोखंडी करावं तर वजन. वजन वाढलं तर सरकत नाही पण मग खोलीतून हलतही नाही. मष्णू डोकं धरून सोफ्यावर बसला. सोफा किंचित हलला, खालची फरशी पोकळ वाजली आणि मष्णू म्हणाला, "वहिनी, खाली काय हाय?"

अशी ती फरशी उघडली. खाली मामंजींचा खड्डा कोरडा, चौकोनी, जसाच्या तसा, तळाशी विणायचा एक तुटका धोटा. मष्णूला इतका आनंद झाला की तो आत उतरून बसला. पेडल खड्ड्याच्या पुढच्या भिंतीला बोल्टानं आवळायचे. मागं सरकायला जागाच नाही, कारण मागं आख्खं वडगाव आहे. काठावर फळी, फळीवर निपाणीची सीट पाय कापून, समोर स्टीअरिंग, पलीकडं टीव्ही. पक्कं पण झालं आणि खोलीही वाचली. फक्त एक तोटा राहिला. आत बसवलं की यांना बाहेर काढायला दोन माणसं लागायची. माझ्यासोबत ज्योतिबा. तो माग सोडून यायचा, तेव्हा धागा तुटायचा आणि तो यांना काढता काढता त्या धाग्याची चौकशी करायचा.

फरशी फोडल्याचा आवाज आणि खड्ड्यातून निघालेली मातीची पाटी, एवढं गल्लीला पुरलं. कुणी म्हणालं बोअर मारतायत, कुणी म्हणालं हंडा सापडलाय. कुणीतरी महापालिकेत कळवलं. एक दिवस राजकुमार नावाचा तरुण माणूस दारात आला, कन्नडमध्ये "एन्री इदु" म्हणत, म्हणजे हे काय चाललंय. खणायची परवानगी दाखवा. मी म्हटलं, खणलं नाही, उघडलं. मग खड्डा जुना आहे याचा पुरावा दाखवा. आता खड्ड्याचा पुरावा काय असतो? मातीचा असता तर दाखवला असता, पण खड्डा म्हणजे माती नसणं. मी गल्लीतले म्हातारे विणकर बोलावले. त्यांनी येऊन साक्ष दिली, पण मामंजी या खड्ड्यात बसून कुठल्या काठाचं लुगडं विणायचे यावरून त्यांच्यात जुंपली आणि राजकुमार बाजूला पडला. त्यानं आत वाकून बघितलं. तिथं माझे यजमान छातीपर्यंत जमिनीत, हातात स्टीअरिंग, समोरच्या टीव्हीवर घाट उतरत होते. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला की त्याच्या कागदात बांधकामाला रकाना आहे, भोकाला नाही. तो साहेबांना विचारून परत येईल.

आता खेळाचं सांगते. पाय सुधारत होता. रोज सकाळी आणि दुपारी क्लच, गिअर, क्लच, गिअर. भाद्रपद सरेपर्यंत ओढणं कमी झालं, दसऱ्याला चालायची काठी सुटून भिंतीला लागली. मला दिवाळीचा फराळ करायच्या आधीच गोड वाटायला लागलं होतं. फक्त गाडी कशाला तरी घासायची. रोज. थांब्याच्या खांबाला, झाडाला, कठड्याला, बैलगाडीला. आयुष्यात एक आरसा न फोडलेला माणूस, आणि टीव्हीवर त्यांनी आख्खा तालुका घासत नेला.

दोष यंत्राचा, यात कुणालाच शंका नव्हती. सीट मध्यभागी नाही म्हणून मष्णूनं ती चार बोटं सरकवली. मग स्टीअरिंग तिरकं झालं. स्टीअरिंग सरळ केलं तर गुडघा अडकायला लागला. टीव्ही लहान म्हणून जवळ घेतला. जवळ घेतल्यावर कडा दिसत नाहीत म्हणून मागं नेला. सौरवनं पुण्यातून कसले कसले आकडे बदलायला सांगितले. यल्लव्वा म्हणाली, खड्ड्याचं तोंड दक्षिणेला हाय, गाडी यमाकडंच ओढणार. ज्योतिबा म्हणाला, माझ्या मागाच्या हादऱ्यानं स्टीअरिंग हलतंय काय बघा, मी दुपारी बंद ठेवतो. त्यानं ठेवलाही. तरी घासायची. हे म्हणायचे, "मला गाडी येती गं. ही गाडीच येडी हाय."

या सगळ्यात माझं एक वेगळं दुखणं चाललं होतं, ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. यांनी माझी चटणी सोडली होती. शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, गाजराची कोशिंबीर, काहीच नाही. भाजी चाटूनपुसून, आमटी संपलेली आणि चटणी जशी वाढली तशी. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं, म्हणून मी अळणी केली. हात लावला नाही. पुन्हा मीठ घातलं, हात लावला नाही. लग्न झाल्यापासून माझ्या चटणीसाठी जांबोटीहून उपाशी येणारा माणूस. मी एकदा विचारलं, चटणी नको काय? तर म्हणाले, "दिलीस तर खातो की." याला काय म्हणायचं? मी ताट उचललं आणि चटणी डब्यात परत टाकली, आणि झाकण जरा जोरात लावलं.

दुसरं दुखणं त्याहून मोठं. खड्ड्याच्या काठाला मी स्टूल टाकून बसत होते. दुखऱ्या अंगाकडं तोल गेला तर धरायला त्या बाजूला कुणीतरी पाहिजे म्हणून तिथं. लसूण सोलायची, गवार मोडायची, सगळं तिथंच. आणि हे मधूनच हाक मारायचे, अगं कुठं हाईस? मी म्हणायची इथंच. मग मान वळवून बघायचे, दचकायचे आणि विचारायचे, कवा आलीस? मष्णूला तर त्यांनी सांगितलं की मी आजारी पडल्यापासनं ही घरात टिकतच नाही. मी तेव्हा हातभर अंतरावर बसले होते. मष्णूनं माझ्याकडं बघितलं. मी गवार मोडत राहिले. अर्धी मिशी कातरलेली आणि अर्धी वाढलेली घेऊन हा माणूस मला बोलतोय, असं मनात आलं. तीही मला वाटायचं हात पोचत नाही म्हणून राहते.

दिवाळी झाली. बोर्डाची तारीख आली. त्याच आठवड्यात राजकुमार परत आला. साहेब म्हणाले होते की खड्डा जुना असेल तर फर्निचर समजा. हे सांगून झालं तरी तो जाईना. खड्ड्याकडं बघत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "अण्णा, एकदा बसून बघू काय?"

ह्यांना मी आणि ज्योतिबानं बाहेर काढलं, राजकुमार आत उतरला. क्लच त्याला जमत नव्हता. गाडी दचके खात, बंद पडत चालली. हे मागं उभे राहून त्याला गिअर सांगत होते, शिव्या गिळत होते. पण राजकुमारनं गाडी रडतखडत जांबोटीपर्यंत नेली आणि एकदाही, कशालाही, घासली नाही. थांबा आला, थांब्यावरची माणसं आली, खांब आला, सगळं बाजूनं नीट गेलं.

ह्यांचा चेहरा पडला. मग म्हणाले, आज यंत्र ठीक चाललंय, मष्णूनं काहीतरी केलं असेल. बोल्ट बघायला आलेला मष्णू निघता निघता म्हणाला, मी तर हातच लावला न्हाय. मी म्हटलं जेवायची वेळ झाली, राजकुमार, तुम्हीही बसा.

टेबलावर दोन ताटं वाढली. आपल्याकडं ताट कसं वाढतात ते ठाऊकच आहे, मीठ-चटणी-लोणचं-कोशिंबीर डाव्या बाजूला, भाजी-आमटी उजव्या. राजकुमार यांच्या उजव्या हाताला बसला. त्यानं चटणीत भाकरी बुडवली, डोळे मिटले आणि कन्नडमध्ये काहीतरी चांगलं बोलला. ह्यांनी त्याच्या ताटाकडं बघितलं. मग आपल्या. मग माझ्याकडं.

"ह्यांना चटणी वाढलीस. मला न्हाय?"

मी म्हटलं, "अवो, तुमच्या ताटात हाय की."

"कुठं हाय?" मग राजकुमारकडं वळून तक्रारीच्या सुरात सांगायला लागले की आजारी पडल्यापासनं हिनं चटणी बंद केलीया. लोणचं न्हाय, कोशिंबीर न्हाय. नुसती भाजी आणि आमटी-भात. दवाखान्यातपण ह्यापेक्षा बरं होतं.

मी त्यांचे डोळे बघत होते. ते ताटावर फिरत होते. उजवीकडून निघायचे, भाजीवरून, आमटीवरून, भाताच्या ढिगापर्यंत यायचे आणि तिथं थांबायचे. भाताच्या पलीकडं त्यांच्यासाठी ताट नव्हतं. भाताच्या पलीकडं टेबलही नव्हतं. मी ताटाची कड धरली आणि ताट गोल फिरवलं. चटणी उजवीकडं आली.

ते चटणीकडं बघत राहिले.

"हे आत्ता ठेवलंस," म्हणाले.

"न्हाय."

राजकुमार हळूच म्हणाला, "मोदलिंद इत्तु, अण्णा. पहिल्यापासून होतं."

ह्यांनी बोटानं चटणी चाखली. मग मीठ, लोणचं, एकेकाला बोट लावून बघितलं, जणू ती गरम आहेत की काय. ज्योतिबाचा माग बंद होता, त्यानं आमच्यासाठीच बंद ठेवला होता, त्यामुळं घरात फारच ऐकू येत होतं. मग मान न वळवता त्यांनी मला विचारलं, "खड्ड्याजवळ माझ्या डाव्या बाजूला कोण बसतंय?"

"मीच."

"रोज?"

"रोज की."

राजकुमार हात धुवून निघून गेला. आंबट चेहऱ्यानं नाही, पण पुन्हा खड्ड्याकडं बघितलंही नाही. ह्यांनी मला आणि ज्योतिबाला सांगून स्वतःला पुन्हा आत बसवून घेतलं. गाडी सुरू केली आणि म्हणाले, डावीकडं काय काय येतंय ते मला सांग. मी स्टुलावर बसून सांगत गेले. झाड. दगड. कठडा. गाय. ते माझ्या आवाजावर गाडी सांभाळत होते आणि पहिल्यांदाच काही घासत नव्हतं. मी म्हटलं, थांबा आलाय, माणसं उभी आहेत. त्यांनी ब्रेक मारला. मष्णूच्या बोल्टांनी जराही कुरकुर केली नाही. कॉकपिट अगदी झकास झालं होतं. गाडी थांबली, टीव्हीवरची माणसं चढली, आणि हे तसेच बसून राहिले.

"माणसं डावीकडनंच चढत्यात गं," म्हणाले. मग चावी फिरवल्यासारखा हात केला, जिथं चावी नव्हती तिथं, आणि मी टीव्ही बंद केला.

यल्लव्वाला हे सगळं संध्याकाळपर्यंत कळलं. तिनं मला अंगणात बाजूला घेतलं. तिचं म्हणणं सरळ होतं. "बोर्ड पाय बघतंय, हात बघतंय. ताट कुठं बघतंय? तू गप ऱ्हा. मी तुला सांगतो, गप ऱ्हा." ती वाईट बाई नाही. तिनं ह्यांच्यासाठी एकदा आगाऊ रडूनही घेतलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही गप्प राहायचं होतं. त्या पायासाठी मी काय केलं नव्हतं? पण मला जांबोटीच्या रस्त्यावरच्या बायका दिसत होत्या, डोक्यावर बोजा आणि कडेला पोर घेऊन थांब्यावर उभ्या, गाडी येताना दिसली की एक पाऊल पुढं टाकणाऱ्या. त्यांना कुठं ठाऊक की ड्रायव्हरच्या भाताच्या पलीकडं त्या उभ्या आहेत. मी ह्यांना काहीच बोलले नाही, जा म्हणून नाही आणि जाऊ नका म्हणूनही नाही. मिशी तेवढी दोन्हीकडून सारखी केली.

बोर्डात त्यांना चालवून बघितलं, टाचेवर, चवड्यावर. पाय फार छान सुधारलाय, कसा केलात, असं डॉक्टरांनी विचारलं. ते म्हणाले, घरात खड्डा हाय. डॉक्टर हसले. मग हे म्हणाले, "साहेब, पाय बरा हाय. पण माझ्या डावीकडं कायबी न्हाय." डॉक्टरांनी हसणं थांबवलं आणि कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं बसवले, जांबोटीच्या बाजाराच्या दिवशीची बस असावी तसे. डावा अर्धा कोरा. डोळे चांगले आहेत, डॉक्टरांनी मला समजावलं, मेंदू ती बाजू मोजत नाही. काहींचं सुधारतं, काहींचं राहतं, गाडी मात्र नाही. मी ते घड्याळ बघत होते. त्यात वेळ किती झालीय हे कुणालाही सांगता आलं नसतं.

गेटवर खुर्ची ठरली. कामावर रुजू व्हायच्या आधी ते म्हणाले, एकदा जांबोटीला जाऊन येऊ. मी चटणी-भाकरी बांधली. स्टँडवर गाडी लागली होती, त्यांचीच गाडी, नवा ड्रायव्हर. ते मागच्या दारानं चढले. ते त्या गाडीत प्रवाशांच्या दारातून चढताना मी पहिल्यांदाच बघितलं.

आत बाक रिकामे होते आणि मी तिथं उभ्या उभ्या हिशेब करायला लागले, कारण आता मला सवयच लागली होती. उजवीकडच्या बाकावर खिडकीशी बसवलं तर खिडकी त्यांच्या उजव्या हाताला, डोंगर, रान, सगळं दिसेल. पण मी डावीकडं, म्हणजे मी नाहीच. डावीकडच्या बाकावर खिडकीशी बसवलं तर मी उजवीकडं, दिसेन. पण खिडकी गेली. एक धरावं तर दुसरं सुटतं. मी त्यांना उजवीकडच्या खिडकीकडं हात दाखवला. म्हटलं, तिथं बसा, घाट दिसंल. मी काय, रोजचीच.

त्यांनी दोन्ही बाकांकडं बघितलं. म्हणजे एकाकडं बघितलं, आणि दुसऱ्याकडं मान वळवून वळवून शेवटी बघितलं. मग डावीकडच्या बाकावर आत सरकून खिडकीशी बसले आणि उजव्या हातानं शेजारची जागा झाडली.

"घाट बघितलाय की," म्हणाले. "बस."

गाडी सुटली. नवा पोरगा बरा चालवत होता, पण हे पुटपुटत होते, हाफ क्लचवर खेळतोय, प्लेट जाळणार. त्यांच्या पलीकडं, डाव्या खिडकीतून झाडं, गाई, थांब्यावरची माणसं जात होती आणि ह्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते, अधूनमधून चटणीच्या डब्याकडं. घाट लागला. पुढं ड्रायव्हर गिअर बदलायचा, तेव्हा दर वेळेला ह्यांचा डावा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जायचा आणि सावकाश सुटायचा. पाय अगदी बरोबर चालत होता.